टोरिक लेन्स: उत्तम, पण मोजमाप पक्कं असेल तरच

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम लेन्स बसवतातच. ती टोरिक असेल तर कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) असमान वक्रतेमुळे आलेला सिलिंडर नंबरही त्याच वेळी बराचसा जातो. हा दोष दीड डायऑप्टरच्या (नंबर मोजण्याचं एकक) पुढे आणि नियमित स्वरूपाचा असेल, तर साध्या लेन्सपेक्षा टोरिक निःसंशय सरस. साध्या लेन्सनंतर लांबच्या अक्षरांना सावली दिसत राहते आणि त्यासाठी चष्मा सुटत नाही.

चष्म्याच्या कागदावरचा सिलिंडर पाहून मात्र ही लेन्स ठरवू नये. त्या आकड्यात नैसर्गिक भिंगाचाही वाटा असतो आणि ते भिंग तर निघणारच असतं. कॉर्नियाचं मोजमाप दोन वेगळ्या यंत्रांवर घ्यावं आणि अक्ष (दोष ज्या दिशेला आहे तो कोन) जुळत नसतील तर पुन्हा घ्यावं. डोळे कोरडे असतील तर आकडे डळमळतात, म्हणून आधी त्यावर उपचार. कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस बंद, कडक प्रकारच्या असतील तर काही आठवडे. कॉर्नियाची मागची बाजूही हिशेबात धरणारं सूत्र वापरतात का, हे जरूर विचारा. ती बाजू सोडली तर उभ्या अक्षाचा दोष गरजेपेक्षा जास्त सुधारला जातो, आडव्या अक्षाचा अर्धवट राहतो. लेन्सवर लिहिलेली १.५ पॉवर कॉर्नियाच्या पातळीवर जेमतेम १ डायऑप्टर भरते, हेही ध्यानात असू द्या.

खरी कसोटी अक्षाची. लेन्स ठरल्या अक्षापासून १ अंश सरकली की सुधारणा सुमारे ३.३ टक्के घटते. १० अंशांत तिसरा हिस्सा जातो, ३० अंशांवर काहीच उरत नाही. आडवं झोपल्यावर डोळा किंचित फिरतो, म्हणून अक्षाच्या खुणा डोळ्यावर रुग्ण ताठ बसलेला असतानाच कराव्यात. लेन्स आधी अक्षाच्या थोडी अलीकडे ठेवतात, तिच्या मागचा जेल (ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात भरलेला घट्ट द्रव) पूर्ण काढतात आणि शेवटी घड्याळाच्या दिशेने फिरवून खुणेवर आणतात. जेल मागे राहिला की लेन्स घसरते. बहुतेक घसरण पहिल्या दिवसातच होते. लांब, मोठ्या डोळ्यांत धोका जास्त. लेन्स फिरलेली आढळली तर साधारण पहिल्या काही आठवड्यांत ती पुन्हा अक्षावर आणता येते, त्यामुळे धूसर दिसत असेल तर तपासणी टाळू नका.

केराटोकोनससारखा (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा फुगण्याचा आजार) अनियमित दोष असेल तर या लेन्सकडून फार अपेक्षा नको. भिंगाची पिशवी फाटली किंवा तिला धरणारे तंतू सैल असले, तर आग्रह धरूच नये. आणि साधी एककेंद्री टोरिक लांबचं स्वच्छ दाखवते. वाचायला चष्मा लागतोच. हे ऑपरेशनच्या आधी स्पष्ट सांगणारा डॉक्टर निवडावा.