60 टक्के ताजी फुलं, पण कशाचे 60 टक्के?

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बत्तीस वर्षं हिशेब तपासण्यात घालवली आहेत. तरीही मुलीच्या लग्नात एका डेकोरेटरने मला 2,03,000 रुपयांना टोपी घातली.

ताजी आणि खोटी फुलं एकत्र वापरायला माझी ना नव्हती. स्टेजच्या दिव्यांखाली निशिगंध कोमेजतो, जरबेरा मान टाकतो, आणि छताजवळचं फूल खरं की कापडी हे शिडी लावून कोण बघणार? म्हणून ठरलं की वरचं खोटं चालेल, पण हाताला लागेल ते सगळं ताजं हवं. म्हणजे मंडपाचे आठ खांब, कमान आणि खुर्च्यांमागची भिंत. हे सगळं तोंडी. व्हॉट्सॲपवर त्याने एवढंच लिहिलं, '60% फ्रेश, 40% आर्टिफिशियल, 1,85,000.' मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. अडाण्यासारखा अंगठा दिला म्हणा ना. नगांचे, किलोचे की जागेचे 60 टक्के, हे विचारलंच नाही. तुम्ही विचारा. कुठल्या खांबाला कोणतं फूल, किती किलो, किती गड्ड्या, सगळं लिहून घ्या.

51,000 इसार दिला, लग्नाच्या आठवडाभर आधी 90,000. आदल्या रात्री साडेअकराला मी कार्यालयात गेलो, तर एक पोरगा फडक्याने गुलाबाची पानं पुसत बसला होता. ताज्या गुलाबाची पानं कोण पुसतं हो? फरशी कोरडी ठणठणीत. पाण्याची बादली नाही, ओलं बारदान नाही, देठांचा कचरा नाही, नुसती पुठ्ठ्याची खोकी. आणि मी काय म्हणालो? 'काम स्वच्छ आहे तुमचं.' हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात. पण व्याह्यांची गाडी वाटेत बंद पडली होती, आचारी गॅसच्या टाक्यांसाठी ओरडत होता. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यातच डेकोरेटर म्हणाला, 'साहेब, लग्नसराई आहे, मार्केट यार्डात डच गुलाबाची वीसची गड्डी कडाडलीय.' आणखी 18,000 घेतले. जी फुलं आणलीच नव्हती, त्यांच्या भाववाढीचे!

सकाळी मेहुण्याकडून उरलेले 44,000 घेऊन गडी पसार. मंगलाष्टकं झाल्यावर थोरली बहीण खांबाला टेकली आणि म्हणाली, 'अरे, पदर चिकटतोय रे याला.' गोंदाचे तंतू लोंबत होते. पाकळ्यांच्या बेचक्यात अक्षता अडकलेल्या, हळदीच्या, पिवळ्या. आमच्या अक्षता कुंकवाच्या होत्या. कुणाच्या तरी लग्नातून उठवलेला माल माझ्या लेकीच्या मंडपात! आठांपैकी समोरचे दोन खांब ताजे, कमान फक्त फोटोच्या बाजूने. वास येत होता तो अत्तराचा फवारा.

चौकीत गेलो. 'फुलं होती ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.' दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर 'विश्वास नाही का?' विश्वास ठेवूनच तर इथवर आलो होतो! मग ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही हे खरं, पण खेटे फुकट नसतात. एकदा अनुक्रमणिका नाही म्हणून परत, एकदा प्रती कमी. मग बिल कुठे आहे? नाही. जीएसटी वाचेल म्हणून मीच नको म्हणालो होतो. हसा. पण दोन लाखांवरचा 18 टक्के कर ऐकून तुम्हीही तेच केलं असतं. यूपीआयवरचं नाव भलत्याच माणसाचं, कार्डावर पत्ता नाही, फक्त मोबाइल नंबर. आता नोटीस पाठवायला त्याचा पत्ता मीच शोधायचा म्हणे. पैसे देण्याआधी गोदाम बघून या. शेवटचा हप्ता खांबाला हात लावून बघितल्यावरच द्या, आणि तो देणारा माणूस एकच ठेवा.

परवा भाच्याने त्या डेकोरेटरचं स्टेटस दाखवलं. आमचाच मंडप, समोरच्या दोन खांबांमधून काढलेला. खाली लिहिलंय, 'संपूर्ण ताज्या फुलांची सजावट, फक्त 2,50,000.'