वायफायवालं कार्ड आणि फोनचं टॅप: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो. पेट्रोल पंप, औषधांचं दुकान आणि सुपरमार्केट इथे मी क्यूआर स्कॅन करणं जवळपास सोडलंय. वायफायसारखं चिन्ह असलेलं बँकेचं कार्ड मशीनला टेकवलं, बीप वाजली, निघालो. भाजीवाल्याकडे आणि चहाच्या टपरीवर अर्थातच यूपीआय, तिथे स्वाइप मशीन कुठून येणार?

नवं कार्ड हातात आल्या आल्या टॅप चालत नाही, म्हणून ते खराब समजू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून ही सोय मुळात बंदच असते, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपण चालू करायची. तिथेच मर्यादाही ठरवता येते. पिन न टाकता एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत जातात (जानेवारी २०२१ च्या आधी २,००० होते). मी ती बरीच खाली आणून ठेवली आहे. किराणा-औषधांना तेवढी पुरते, आणि कार्ड हरवलं तर ब्लॉक करेपर्यंत कोणी मोठा हात मारू शकत नाही.

गर्दीत कोणी मशीन खिशाला लावून पैसे उडवतो, असे व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नेमाने येतात. कार्डात बॅटरी नसते. आत तारेचं बारीक वेटोळं असतं, मशीनच्या चुंबकीय क्षेत्रात आलं की त्यात वीज तयार होते आणि चिप जागी होते. हे सगळं जेमतेम चार सेंटिमीटरच्या आत. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा कोड बनवते, त्यामुळे जुना कोड चोरून पुन्हा वापरता येत नाही. मागचा सीव्हीव्ही तर टॅपमध्ये जातच नाही. शिवाय मशीन कोणाच्या तरी केवायसी झालेल्या खात्याला जोडलेलं असतं, म्हणजे चोर स्वतःचा पत्ता देऊनच चोरी करणार. मला खरी भीती हरवलेल्या कार्डाची वाटते.

म्हणून फोन जास्त आवडला. फोनमध्ये कार्डाचा खरा नंबर दुकानदाराच्या मशीनला दिला जात नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्याच्या जागी वापरायचा दुसराच नंबर, जातं. माझ्या फोनवर लॉक उघडल्याशिवाय टॅप होतच नाही. फक्त फोनला एनएफसी (जवळ धरून टॅप करायची सोय) हवं, आणि स्वस्त फोनमध्ये ते बरेचदा नसतं. घेण्याआधी बघून घ्या.

आता कटकट. फोनचा अँटेना कुठे आहे हे शोधण्यात सुरुवातीचे दिवस गेले. माझ्या फोनचा कॅमेऱ्याच्या खाली आहे, आणि मशीनची जागा कधी स्क्रीनवर, कधी वरच्या कडेला. जाड कव्हरमागे धातूची रिंग असेल तर विसराच. पाकिटात दोन टॅप कार्डं असताना पाकीटच टेकवलं, तर मशीन गोंधळतं आणि एकच कार्ड दाखवा म्हणतं. पण सगळ्यात मोठा अडथळा काउंटरपलीकडचा. मशीन आखूड वायरने आतल्या बाजूला बांधलेलं, कॅशियर हात पुढे करून म्हणते, "द्या इकडे." कार्ड दिलं की सवयीने खाचेत खुपसते आणि "पिन टाका". टॅप करा म्हटलं तर "आमच्याकडे वायफाय नाही चालत, सर," आणि मशीनवर ते चार वक्र रेषांचं चिन्ह ठसठशीत छापलेलं! मी आता रक्कम टाकेपर्यंत थांबतो आणि न विचारता स्वतःच टेकवतो. बहुतेक वेळा काम होतं.

पुणे मेट्रोचा मामला वेगळा. लंडनला २०१४ पासून बँकेचं साधं टॅप कार्डच भुयारी रेल्वेच्या गेटवर चालतं. आपल्याकडे गेटवर टॅप करायला एनसीएमसी, म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, लागतं. त्यात प्रवासाचे पैसे चिपमधल्या वेगळ्या पाकिटात असतात, म्हणून गेटला बँकेला विचारत बसावं लागत नाही आणि दार पटकन उघडतं. गंमत अशी की ॲपवरून टॉपअप केला तरी ती रक्कम चिपवर आपोआप उतरत नाही, आधी स्टेशनवरच्या मशीनला कार्ड लावून ती चढवून घ्यावी लागते. मेसेज आला म्हणून थेट गेटवर गेलेले आणि मागे रांग खोळंबलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. पाकिटाची कमाल मर्यादा २,००० आहे, पण मी एका वेळी दोन-तीनशेच भरतो. या पाकिटाला पिन नसतो, आणि कार्ड हरवलं तर त्यातली शिल्लक सहसा परत मिळत नाही.