आठ महिने, तीन इंजिनं आणि दोन बोअर गेज

इंजिनाच्या बेअरिंगमधली फट, म्हणजे क्लिअरन्स, मी बोअर गेजनं मोजतो; भोकाचा आतला व्यास मोजणारं हे डायलचं साधन. दोन गेज अशासाठी की पहिलं चुकीचं घेतलं होतं. ५० ते १६० मिलिमीटरचा डायल बोअर गेज सगळीकडे मिळतो, सिलिंडरला चालतो, मेन बेअरिंगलाही (ब्लॉकमध्ये क्रँक ज्यांवर फिरतो ती) चालतो, म्हणून डोळे मिटून तोच मागवला. मग कनेक्टिंग रॉड हातात घेतला. शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पातळ पट्ट्या) बसवल्यावर रॉडचं भोक ४८ मिलिमीटरच्या आसपास, गेजचं डोकं आतच जाईना. ३५ ते ६० चा दुसरा घ्यावा लागला. घेण्याआधी आपल्या इंजिनाचे रॉड आणि मेन जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) किती व्यासाचे आहेत ते बघा, एवढं कुणी मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी गोष्ट डायलची. ०.०१ मिलिमीटरची रेघ असलेला डायल सिलिंडरची झीज बघायला ठीक आहे, बेअरिंगला नाही. बेअरिंगमध्ये भांडण अर्ध्या थाऊवरून (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) होतं, म्हणजे साधारण १३ मायक्रॉन (०.०१३ मिलिमीटर). त्या डायलवर ते जेमतेम सव्वा घर भरतं. मी ०.००१ चा डायल लावला. सुरुवातीला काटा इतका नाचायचा की हाच डायल खराब आहे असं वाटलं. नाचत होता माझा हात.

गेज वापरायची रीत अशी. आधी मायक्रोमीटरनं जर्नल मोजायचं. समजा ४७.९८२ आलं. त्याच मायक्रोमीटरला ४७.९८२ वर लॉक करायचं आणि लॉक केल्यावर आकडा पुन्हा बघायचा, कारण लॉक घट्ट करताना तो एखाद-दोन मायक्रॉन सरकतो. मग मायक्रोमीटर मऊ जबड्याच्या व्हाइसमध्ये हलकेच धरायचा, गेज त्याच्या दोन तोंडांमध्ये घालून डोलवायचा आणि काटा जिथून उलटा फिरतो तिथे डायलचा शून्य आणायचा. आता हाच गेज शेल घातलेल्या, टॉर्क दिलेल्या रॉडमध्ये घातला की डायल सरळ क्लिअरन्स दाखवतो, वजाबाकी करायची गरजच नाही. माझा मायक्रोमीटर समजा ४ मायक्रॉन खोटं बोलत असेल, तरी त्यानं जर्नल मोजताना जे खोटं सांगितलं तेच शून्य लावताना सांगितलं. दोन्ही खोटी एकमेकांना खाऊन टाकतात. सेटिंग रिंग (नेमक्या व्यासाची तयार कडी) आणून शून्य लावणं जास्त शास्त्रशुद्ध दिसतं खरं, पण मग मायक्रोमीटरवर स्वतंत्र विश्वास ठेवावा लागतो. मला हीच पद्धत आवडते.

या डोलवण्याला दोनच्या जागी तीन हात असते तर बरं, असं अजूनही वाटतं.

पहिल्या आठवड्यातली माझी फजिती: काटा उलटा वाचला. भोक मोठं असेल तर गेजची टोकं बाहेर पसरतात आणि काटा घड्याळाच्या उलट दिशेनं जातो. साध्या डायल गेजची सवय असल्यानं मी उजवीकडचं ते जास्त धरून बसलो आणि एक संपूर्ण रॉड सेट 'टाइट' म्हणून बाजूला ठेवला. आता डायलच्या काचेवर मार्करनं डावीकडे 'मोठं' असं लिहून ठेवलंय. दिसायला वाईट दिसतं, पण राहू दे.

प्लास्टिगेज मी टाकून दिलेलं नाही. ही मऊ तार जर्नलवर ठेवून कॅप (बेअरिंगचं अर्धं झाकण) घट्ट केली की चेपते; जितकी रुंद चेपते तितकी फट कमी, आणि ती रुंदी सोबतच्या छापील पट्ट्यांशी ताडायची. हिरवी तार ०.०२५ ते ०.०७६ मिलिमीटरपर्यंत दाखवते, म्हणजे बहुतेक काम त्यातच येतं. पहिल्या इंजिनाच्या रॉडवर तारेची रुंदी ०.०३८ आणि ०.०५१ च्या पट्ट्यांच्या मधे आली, गेजनं ४६ मायक्रॉन दाखवले. तार काही खोटं बोलली नव्हती. पण ४६ की ५० हे ती सांगू शकत नाही, आणि ती ठेवली त्या एका जागेपलीकडचं तिला काही कळत नाही. कॅप उलटी लागली, शेलखाली कचरा राहिला, असल्या मोठ्या चुका ती पकडते. त्यामुळे शेवटची खात्री म्हणून एखाद्या कॅपखाली ठेवतो. क्रँक मात्र फिरवायचा नाही, आणि नंतर तेल लावून तार पूर्ण पुसून काढायची.

फरक खरा कळला तो दुसऱ्या इंजिनावर. मेन कॅपचे बोल्ट काढून स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे) लावले होते. स्टडची पकड वेगळी, ताण वेगळा, त्यामुळे कॅप घट्ट केल्यावर ब्लॉकचं भोक वेगळ्या आकारात येतं, हे वाचलेलं होतं. डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. शेल न घालता पाचही मेन टॉर्क देऊन मोजले. चार गोल होते. तिसऱ्याचं उभं माप तिरक्या मापांपेक्षा १८ मायक्रॉननं कमी. प्लास्टिगेजवर याच मेनची तार बाकीच्यांपेक्षा 'थोडी रुंद' दिसली होती, पट्टी तीच होती, आणि मी पास केला होता! ब्लॉक अलाइन होनिंगला (सगळी मेन भोकं एका रेषेत घासून गोल करायला) गेला.

शेल घातल्यावर माप कुठे घ्यायचं, यात नवीन माणूस हमखास गोंधळतो. शेल सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. मधोमध जाड, दोन शेल जिथे मिळतात त्या सांध्याकडे मुद्दाम पातळ. जास्त आरपीएमला रॉडचं भोक उभं ताणलं जातं आणि बाजूंनी आत येतं, तिथे तेलाचा थर खरवडला जाऊ नये म्हणून ही सोय असते. सांध्याजवळ गेज धरला तर क्लिअरन्स भरपूर दिसेल आणि आपण खूश होऊ. सांध्याच्या काटकोनातलं माप तेच खरं, बाकी दोन्ही बाजूंना तीस अंशांवर फक्त आकार बघण्यासाठी.

पहिल्या इंजिनाच्या रॉडवरच्या त्या ४६ मायक्रॉनचं पुढे काय केलं तेही सांगतो. जर्नलच्या व्यासाच्या एक हजारांश, म्हणजे ४८ मायक्रॉन, आणि जोरात चालवायच्या इंजिनाला वर अर्धा थाऊ, या नेहमीच्या हिशेबानं मला ६० च्या आसपास हवं होतं. एक्स शेलची (किंचित पातळ शेलची) जोडी एक थाऊ जास्त क्लिअरन्स देते, म्हणजे ७१ झालं असतं. म्हणून त्याच मेकचा, त्याच सिरीजचा एक एक्स आणि एक स्टँडर्ड शेल जोडला. सगळ्या रॉडवर एकाच बाजूला एक्स. गेजवर ५८ ते ६० आलं. हा खेळ प्लास्टिगेजच्या भरवशावर मी केला नसता.

तक्रारी आहेतच. गेजची टोकं कार्बाइडची असतात आणि शेलचा वरचा थर लोण्यासारखा मऊ. गेज बाहेर काढताना तसाच ओढला की बारीक रेघ उठते. पहिल्या सेटवर मी चार रेघा मारल्या. खोल नव्हत्या, तरी मनाला लागल्या. आता आत घालताना आणि काढताना गेज आडवा करतो. माझ्या गेजचा लॉकनट हातानं घट्ट केला तर दहा-बारा मापांनंतर ढिला होतो, म्हणून दर चार मापांनी शून्य परत तपासतो. डायलच्या बाहेरच्या रिंगचा स्क्रू नुसता नावाला आहे, बाहीचा धक्का लागला तरी शून्य फिरतो. पेटीतल्या छोट्या वॉशर तर हरवण्यासाठीच दिल्यात.

आणि तापमान. एका रविवारी क्रँक गरम पाण्यानं धुतला, हवेनं सुकवला आणि लगेच मोजायला बसलो. आदल्या दिवशीच्या मापापेक्षा ६० मिलिमीटरचे सगळे मेन जर्नल १३-१४ मायक्रॉननं मोठे! मायक्रोमीटर बिघडला म्हणून तासभर त्याच्याशी झटापट केली. स्टीलचा १ मीटर दर अंश सेल्सिअसला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतो. क्रँक खोलीपेक्षा वीसेक अंशांनी गरम असणार, हिशेब तंतोतंत जुळला. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर तो याच्या दुप्पट फुगतो. तेव्हापासून क्रँक, रॉड, गेज, मायक्रोमीटर सगळं एका टेबलावर रात्रभर ठेवतो आणि मायक्रोमीटर उघड्या हातात धरून गप्पा मारत बसत नाही.

तर बोअर गेज घ्यावा का? वर्षातून एखादं साधं इंजिन स्टँडर्ड शेल घालून बांधणार असाल तर चांगला मायक्रोमीटर आणि प्लास्टिगेज पुरे. शेल अदलाबदल करून क्लिअरन्स जुळवायचं असेल, स्टड लावणार असाल, तर घ्या. आणि उरलेले पैसे डायलपेक्षा मायक्रोमीटरवर घाला.

चौथ्या इंजिनाचा क्रँक आज दुपारी धुऊन टेबलावर ठेवलाय. हात लावून बघितला, अजून कोमट आहे. उद्या सकाळी मोजतो.