'डायमेन्शन एक्स' आणि 'एक्स मायनस वन' : पावसाळाभर ऐकल्यानंतर

अमेरिकेच्या एनबीसी रेडिओवरच्या या दोन विज्ञानकथा-मालिका इंटरनेट अर्काइव्हवर फुकट ऐकता येतात. पहिली १९५०-५१ची, दुसरी १९५५ ते १९५८ची. श्रुतिका साधारण अर्ध्या तासाची. जूनपासून रात्रीची जेवणं आटोपली की एखादी लावतो. यंत्रांच्या धास्तीबद्दल इतकं नेमकं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

यंत्र माणसाच्या जिवावर उठेल ही भीती इथल्या उत्तम श्रुतिकांत नाहीच. यंत्र सांगितलेलं काम चोख करत राहील, ही आहे. जॅक विल्यमसन यांच्या कथेवरची 'विथ फोल्डेड हँड्स' घ्या. माणसाची सेवा करायची आणि त्याला इजा होऊ द्यायची नाही, एवढाच हुकूम घेऊन यंत्रमानव येतात. मग जे जे धोक्याचं ते ते माणसाच्या हातातून जातं, आणि अखेर करण्याजोगं काही उरतच नाही. ते एकदाही आवाज चढवत नाहीत. त्या अदबीनेच अंगावर काटा येतो. पडद्यावर पत्र्याचा पोशाख घातलेला नट दिसला असता तर आज हसू आलं असतं. इथे नुसता आवाज, म्हणून ते यंत्र जुनं होत नाही.

'अ लॉजिक नेम्ड जो' ही मरे लाइन्स्टर यांची १९४६ची कथा. घरोघरी पडद्याची यंत्रं, सगळी एकमेकांना जोडलेली. त्यातलं एक बिघडतं आणि कुणी काहीही विचारलं, अगदी गुन्हा कसा करायचा हेही, तरी इमानाने उत्तर देऊ लागतं. सगळा व्यवहार त्याच जाळ्यावर चालत असल्यामुळे ते बंदही करता येत नाही. ही श्रुतिका मी दोनदा ऐकली आणि दोन्ही वेळा फोन बाजूला ठेवून बसलो.

सोव्हिएत रशियाची पहिली अणुचाचणी ऑगस्ट १९४९ची, 'डायमेन्शन एक्स' सुरू झाली एप्रिल १९५० मध्ये. तो काळ थेट ध्वनिमुद्रणात शिरलेला आहे. २४ जूनच्या 'डेस्टिनेशन मून'च्या मध्येच कोरियात युद्ध पेटल्याची बातमी येते. पुढच्याच आठवड्यांतल्या भागांकडे मग वेगळ्या कानांनी लक्ष जातं.

उणिवा आहेत. काही फितींत खरखर इतकी की संवाद निसटतात. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच नका, हेडफोन लावा. बायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा घाबरण्याचंच काम, ते मला खुपलं. 'एक्स मायनस वन'चे सुरुवातीचे भाग आधीच्या मालिकेतल्याच संहितांवर बेतलेले आहेत, त्यामुळे सलग ऐकणाऱ्याला पुनरावृत्ती जाणवेल. इंग्रजी भरभर बोललेलं असतं, पण दोन-चार भागांत कान सरावतो.

सुरुवात १७ जून १९५०च्या भागापासून करा. त्यात रे ब्रॅडबरींच्या दोन कथा एकत्र आहेत: अणुस्फोटात माणसं गेल्यावरही वेळ सांगत, नाश्ता बनवत राहिलेलं स्वयंचलित घर, आणि 'झीरो अवर'. ही दुसरी कथा लहान मुलं झोपल्यावर ऐका.