किडनीसाठी दोन गोळ्या एकत्र: फोंड्यातून नऊ महिन्यांचा अनुभव

मधुमेह एकोणीस वर्षांचा. गेल्या वर्षी लघवीला फेस यायला लागला, तांब्याभर पाणी ओतलं तरी तो जाईना. तपासणीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (लघवीतून किती प्रथिन गळतंय त्याचा आकडा) 610 निघाला. तो 30 च्या आत हवा. बीपीची गोळी टेल्मिसार्टन आधीपासून चालूच होती. चतुर्थी झाल्या झाल्या डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन (मधुमेहाची, किडनीलाही जपणारी) आणि फिनेरेनोन (मधुमेहात किडनी जपणारी) या दोन गोळ्या एकदमच सुरू केल्या.

एक देऊन, वाट बघून मग दुसरी, असं का नाही, हे मी विचारलंच. त्यांनी याच दोन गोळ्यांच्या चाचणीचा दाखला दिला: 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉन्फिडन्स चाचणीत सुमारे 800 रुग्ण होते. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचा रेशो 180 दिवसांत सरासरी 52 टक्के उतरला, कुठलीही एकच गोळी घेणाऱ्यांपेक्षा बराच जास्त. डायलिसिस किती जणांचं टळलं, हे मात्र त्या चाचणीत मोजलेलं नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं.

पहिल्याच महिन्यात रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की हा आकडा चढतो) 1.2 वरून 1.4 वर गेलं. रात्रभर झोप नाही. सकाळी फोन केला, तर गोळ्या बंद करू नका म्हणाले: किडनीतल्या गाळण्यांवरचा दाब उतरतो, म्हणून सुरुवातीला आकडा थोडा चढतो. तेव्हापासून तो 1.4 वरच आहे.

खरा त्रास दिला पोटॅशियमने. फिनेरेनोनमुळे ते वाढू शकतं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. चैत्रातल्या उकाड्यात मी रोज एक शहाळं पीत होते, शिवाय बीपीसाठी चांगलं म्हणून लो सोडियम मीठ आणलं होतं. पोटॅशियम 5.7, म्हणजे जास्तच! मिठाचं पाकीट उलटून वाचलं तेव्हा कळलं, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर. फिनेरेनोन थांबवली, साधं मीठ आणलं (तेही मोजून), शहाळं बंद. दोन आठवड्यांनी 4.8 आलं आणि 10 मिलिग्रॅमवर गोळी पुन्हा सुरू झाली. या गोळीवर असाल तर स्वयंपाकघरातलं मिठाचं पाकीट आजच वाचा.

एम्पाग्लिफ्लोझिनने लघवीतून साखर जाते, त्यामुळे एकदा बुरशीची खाज आली, मलमाने गेली. उलट्या-जुलाब किंवा कडक उपवास असला की ही गोळी बंद ठेवायची, असं मला बजावलंय. शिवरात्रीला म्हणून मी फलाहार घेतला, निर्जळी केली नाही.

मार्च 2025 मध्ये पेटंट संपल्यावर एम्पाग्लिफ्लोझिन स्वस्त झाली. फिनेरेनोन खिशाला जड जाते, आणि माझ्या दुकानात आधी सांगून ठेवावी लागते.

परवाचा रेशो 255. फेस अजून दिसतो, पण पाणी ओतलं की जातो.