द्राक्षाला पोटॅश: एमओपी की एसओपी?

मण्यात पाणी उतरायची, म्हणजे मणी मऊ पडून गोड व्हायची वेळ आली की दरवर्षी कुणीतरी विचारतंच: एमओपी (म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड) सोडू की एसओपी (सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम सल्फेट)? मी माझ्या बागेत दोन्ही वापरलेत.

एमओपीची बाजू भक्कम आहे. ६० टक्के पोटॅश, भाव कमी, आणि पांढरं घेतलं तर पाण्यात चटकन विरघळतं. (लाल मात्र ड्रीपमधून नको, त्याचा गाळ ड्रीपर बुजवतो.) उसाला मी आजही तेच देतो. कोकणातल्या नारळाला तर त्यातलं क्लोराइडसुद्धा मानवतं.

द्राक्षात मात्र त्या क्लोराइडपाशीच माझं घोडं अडलं. एमओपीच्या वजनात ते जवळपास निम्मं असतं. माझी जमीन भारी काळी, पाणी बोअरचं आणि उन्हाळ्यात मचूळ, म्हणजे क्लोराइड त्यातूनही येणारच. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली, नव्या काड्या तयार करायची छाटणी) एका वर्षी खालच्या पानांच्या कडा जळायला लागल्या. पोटॅश कमी पडलं तरी जुन्या पानांच्या कडाच आधी जळतात, कारण वेल तिथलं पोटॅश काढून नव्या शेंड्याला पुरवते. मी कमतरताच धरली आणि आणखी एमओपी सोडलं. जळणं वाढलं. शेवटी पानदेठ प्रयोगशाळेत तपासून घेतले, तर पोटॅश पुरेसं आणि क्लोराइड भरमसाट! वेल उपाशी आहे असं समजून मी तिला भाजणारं खतच पाजत होतो. त्या हंगामातल्या काड्या आठवल्या की अजून जीव हळहळतो.

एसओपीचे त्रास वेगळे. महाग आहे, पोटॅश ५० टक्केच, आणि थंडीत विरघळायला वेळ घेतं. मी आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवतो. कॅल्शियम नायट्रेटबरोबर एका टाकीत चुकूनही टाकू नका, जिप्सम होऊन लॅटरल (ड्रीपच्या नळ्या) बुजतात. पण १७-१८ टक्के गंधक मिळतं आणि माझ्याकडे तरी पानं कडेपर्यंत हिरवी राहिली. साखर पानात तयार होते, पोटॅश ती मण्यापर्यंत पोचवायला मदत करतं. पानच जळालं तर पोचवणार काय?

पाटाचं गोडं पाणी आणि निचऱ्याची जमीन असेल, तर पावसाळ्यात थोडं एमओपी कदाचित चालून जाईल. बोअरवरच्या बागेला मी तरी एसओपीच घेईन. खर्च वाचवायचा तर आधी पानदेठ तपासा आणि मात्रा कमी करा. भारी काळ्या जमिनीत पोटॅश मुळातच बऱ्यापैकी असतं, आणि ते जास्त झालं की वेलीला मॅग्नेशियम नीट घेता येत नाही.