नव्वद रुपयांचे टाय आणि चार हजारांची केबल

होम थिएटरच्या रॅकमागच्या तारा आवरायचा किट घेऊन आठ महिने झाले. नायलॉनचे शंभर टाय (तारा आवळायच्या पट्ट्या), जाळीची नळी आणि मागे चिकटवायच्या क्लिपा. सुट्या घेतल्या तर टायची किंमत जेमतेम नव्वद. पहिल्याच रविवारी सगळं इतकं चापूनचोपून बसवलं, की रॅकच्या मागच्या बाजूचा फोटो भावाला पाठवला. पुढच्या बाजूचा आजवर पाठवलेला नाही! तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते. आज दोन, त्यातला एक जाळीच्या नळीचा.

घोळ टायचा. प्रोजेक्टरपर्यंत दहा मीटर जायचं होतं. एवढ्या लांबीला चित्र-आवाज नेणारी साधी तांब्याची एचडीएमआय केबल ४के ६०ला (सेकंदाला साठ फ्रेमच्या अतिस्पष्ट चित्राला) बहुतेकदा दगा देते, म्हणून ऑप्टिकल घेतली, ४,२०० मोजून. तिच्या आत केसासारखे काचेचे तंतू असतात हे वाचलं होतं. तरी कोपऱ्यात तिला काटकोनात दुमडून पकडीने टाय कचकचून ओढला. दिसायला छान दिसत होतं ना!

पाच महिने काही नाही. मग चित्र मध्येच दोन सेकंद गायब व्हायला लागलं. आधी व्होल्टेजला शिव्या घातल्या, मग पावसाळी दमटपणाला, मग रिसीव्हरला, म्हणजे चित्र प्रोजेक्टरला आणि आवाज स्पीकरना देणाऱ्या डब्याला. सर्व्हिसवाला आला, स्वतःची केबल लावून हॉलमधल्या टीव्हीवर चित्र दाखवलं, म्हणाला, "साहेब, रिसीव्हर ठणठणीत आहे," आणि ६५० रुपये घेऊन गेला.

त्याच्यासमोरची शोभा वेगळीच. तारा मापात कापून ताणून बांधलेल्या, त्यामुळे रिसीव्हर चार बोटंही पुढे सरकेना. तेवीस टाय कापावे लागले. चोविसाव्याला कटर सबवूफरच्या (खर्जाच्या स्पीकरच्या) तारेवर गेला.

नवी ऑप्टिकल केबल टाकली. (उलटसुलट चालत नाही, सोर्स लिहिलेलं टोक रिसीव्हरकडे. मी हे पाइपमधून ओढून झाल्यावर बघितलं. पुन्हा ओढली.) आता वळण ताटाएवढं गोल ठेवलंय आणि प्रत्येक तारेला हातभर ढील. टायच्या जागी वेलक्रोचा रोल, पाच मीटर, ३४० रुपये. आधी हाच महाग म्हणून परत ठेवला होता. तीन महिन्यांत सात-आठ वेळा उघडबंद केला, पकड तशीच आहे. फक्त धूळ आणि केस भरपूर धरतो, मधूनमधून जुना टूथब्रश मारावा लागतो.

नावांच्या चिठ्ठ्यांसाठी औषधाच्या दुकानातली मायक्रोपोर पट्टी वापरली. बॉलपेनची शाई फुटली, मार्कर टिकला.

एका बाबतीत किटवर अन्याय केला होता. सबवूफरची घुंघुं तारा एकत्र बांधल्याने येते असं मी ठाम सांगत सुटलो होतो. वीज डाव्या बाजूने, सिग्नल उजव्या बाजूने नेला, तरी आवाज तसाच. शेवटी सेट-टॉप बॉक्सची छत्रीची केबल काढली आणि खोली शांत. आवाज छत्रीकडून येत होता. क्रिकेट सोडून कोणी बघतही नव्हतं, म्हणून रिचार्जच बंद केला. महिन्याचे तेवढे पैसे वाचले, केबलचा खड्डा भरायला वर्ष लागेल.

उरलेले सत्तरेक टाय बायकोने बाल्कनीतल्या कारल्याच्या वेलाला वापरले. तिथे एक नंबर चालतात.